निळी वही

कपाटाला कुलूप नव्हतं, आणि नेमकी हीच गोष्ट पिपाणीला सगळ्यात जास्त घाबरवून गेली.

निळी वही वरच्याच फळीवर होती. पुठ्ठ्याच्या कडा झिजलेल्या, सुतळीनं बांधलेली. खोलीबाहेर, बँडच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. त्यानं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

पन्नाशीच्या या माणसाला गावाबाहेर सगळे ‘सर’ म्हणत. मोठ्या वाद्यवृंदाचा संचालक तो. पण गावच्या बँडमध्ये पोरपणी तो कॉर्नेट हे बिगुलासारखं वाद्य वाजवायचा, आणि बँडच्या मास्तरांनी ठेवलेलं ‘पिपाणी’ हे नाव इथे आल्याबरोबर परत चिकटलं होतं.

आठ दिवसांपूर्वी मास्तरांचं पत्र आलं होतं. ‘हॉल पाडणार आहेत. त्याआधी सगळ्या जुन्या पोरांनी एकदा जमायचं. तुझ्या त्या धुनेची खरी गोष्टही चारचौघांत सांगून टाकीन म्हणतो. निळी वही काढून ठेवली आहे.’

तेव्हापासून ते पत्र त्यानं पन्नासदा उघडून वाचलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. ती धून रेडिओवर रोज सकाळी बातम्यांच्या आधी लागे. तिच्यावर त्याला नोकरी मिळाली, नाव मिळालं, बायकोसुद्धा त्या धुनेवर भाळूनच मिळाली. आणि ती त्यानं अठराव्या वर्षी याच वहीतून फाडून नेली होती. मास्तरांच्या अक्षरातलं एक पान. पहिल्यांदा वाचली तेव्हाच बोटं आपसूक पडत गेली होती, इतकी ती सोपी, इतकी हातात बसलेली. नंतरच्या तीस-बत्तीस वर्षांत त्याला दुसरी धून सुचली नाही. सुचणार कशी? पहिली तरी कुठे सुचली होती!

“काय रे पिपाणी, इथे काय शोधतोस?”

त्यानं हात पटकन मागे घेतला. दारात नळी उभा होता. बँडमधला क्लॅरिनेटवाला, आता शाळेत पोरांना सारेगम शिकवणारा.

“काही नाही. जुनं कपाट... बघत होतो.”

“बघून घे, उद्या भंगारात जाणार.” नळी आत येऊन टेबलावर टेकला. “इथेच बसायचे ना मास्तर? आपण आपली वाद्यं गरम करायला वाट्टेल ते फुंकायचो, आणि हे पाठ फिरवून लिहीत बसायचे. कानाला पेन्सिल. एवढ्या गोंगाटात यांना सुचायचं तरी कसं, देव जाणे!”

“हं.”

“तुला एक तरी सुचली, लेका. आम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच वाजवलं. ढोल्या बघ, जहाजावरच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून वाजवून दात गेले त्याचे. पण स्वतःचं म्हणून दोन ओळी नाहीत. माझंही तेच. कधीकधी फार लागतं ते मनाला.” तो उठला. “चल, मास्तर आले असतील.”

“तू हो पुढे. आलोच मी.”

नळीची पावलं लांब जाईपर्यंत पिपाणी श्वास रोखून उभा राहिला. मग त्यानं वही कोटाखाली घातली. उघडून बघायचा धीर झाला नाही. फाडलेल्या पानाची कड दिसली असती.

मागच्या अंगणात मजुरांनी हॉलमधलं रद्दी-लाकूड एका पिंपात पेटवलं होतं. आत्ता तिथे कोणी नव्हतं. वही लगेच पेट घेईना. त्यानं काठीनं ती खाली ढकलली, उलटीपालटी केली, पुठ्ठा काळा पडून वळेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग हात धुतले, कोट झटकला. आता मास्तर काहीही बोलोत, पुरावा कुठे आहे? पंच्याऐंशीचं म्हातारं माणूस, भ्रम झाला म्हणतील लोक. असं मनात येताच त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण जीव मात्र भांड्यात पडला.

हॉलमध्ये सगळे बसले होते. मास्तरांनी त्याला ओढून आपल्या शेजारी बसवलं. मास्तरांच्या मुलीनं, ताईनं, त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “बाबा, वही कपाटात नाहीये हो.”

“असेल गं तिथेच. नीट बघ. जाते कुठे?” मास्तर काठी टेकत उभे राहिले.

“पोरांनो, एक कबुली द्यायचीय,” मास्तर म्हणाले. “तुम्ही म्हणायचात, मास्तर धुना रचतात. अरे, कसल्या धुना! मी आयुष्यात एक ओळ रचलेली नाही. तुम्ही वाद्यं गरम करायला बेसावधपणी जे फुंकायचात ना, त्यातलं चांगलं तेवढं मी टिपून ठेवत होतो. तुमचं तुम्हाला ऐकूच यायचं नाही. नळीच्या चौदा धुना आहेत. ढोल्याच्या नऊ. आज ताई वही घेऊन आली की ज्याचं त्याला देऊन टाकतो. दुसरीकडे कुठे उतरवलेल्या नाहीत.”

नळी खुर्चीतून अर्धवट उठला होता.

मास्तरांनी पिपाणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते हसले. “याची एकच होती. ती यानं अठराव्या वर्षीच फाडून नेली. मी दारातून बघत होतो, पण बोललो नाही. म्हटलं, नेऊ दे, त्याचीच तर आहे.”