दुसरी

तिनं नवऱ्याची स्लीपिंग बॅग उलटी केली, अस्तराला नाक लावून खोल श्वास घेतला आणि मान हलवली.

“यात कुणीही झोपलेलं नाही,” ती म्हणाली.

थोरली बहीण सोफ्यावर चहा पीत बसली होती. “धुऊन आणली असेल त्यानं.”

“ताई, त्याला रुमाल धुता येत नाही.”

तिला चुकीचं ठरवणं सोपं नव्हतं. तंबू, पाठपिशव्या, स्लीपिंग बॅगा दुरुस्त करण्याचं काम ती बरीच वर्षं घरूनच करत होती. बॅग हातात घेतली की माणूस कुशीवर झोपतो की पाठीवर, हे ती सांगायची. गळ्यापाशी घामाचा तेलकट पट्टा येतो, ढुंगणाखाली पिसं दबतात, चेनीत वाळू अडकते. नवऱ्याच्या बॅगेत यातलं काहीच नव्हतं. तिनं जशी गुबगुबीत भरून दिली होती, तशीच ती डोंगरातल्या दोन रात्रींच्या मुक्कामाहून परत आली होती. त्याच्या आधीच्या वेळीही तशीच, आणि त्याच्या आधीही.

या बॅगेवर तिचा जीव होता. हंसाच्या पिसांची, तिनंच निवडलेली. मोसम संपला की ती टबात कोमट पाणी घेऊन सौम्य साबणानं बॅग धुवायची. पिळायची नाही. ओली बॅग लहान बाळासारखी दोन्ही हातांवर उचलून सावलीत आडवी वाळवायची आणि पिसांच्या गुठळ्या बोटांनी एकेक मोकळ्या करायची. मग मोठ्या सुती पिशवीत सैल भरून कपाटात. आवळून ठेवलेली पिसं मरतात, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. एकदा नवऱ्यानं ओली बॅग गाडीच्या डिकीत आठवडाभर विसरली, तेव्हा तिनं त्याचं जेवणच तेवढं बंद केलं नव्हतं.

“मग झोपतो कुठे?” ताईनं विचारलं.

“तेच आज विचारणार आहे.”

“रडू नकोस हं त्याच्यासमोर.”

“मी? रडेल तो.”

ताईच्या सांगण्यावरून तिनं आपली सूटकेस भरून दाराआड ठेवली होती.

दुपारी नवरा जेवायला बसला. ताईकडे बघून हसला. कुणी हसलं नाही.

“दुसरी आहे ना?” तिनं विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला.

“दाढीवाल्यानं सांगितलं?”

दाढीवाला म्हणजे त्याचा जिवलग मित्र. दोघं बरोबरच मुक्कामाला जायचे.

“कुणी सांगायला कशाला हवं? मला काय डोळे नाहीत?”

त्यानं घास ताटात ठेवला. “आहे,” तो म्हणाला.

ताईनं खुर्ची पुढे ओढली.

“कधीपासून?”

“तशी जुनीच. कॉलेजातली.”

“लग्नाच्या आधीची!” ताई म्हणाली.

“तुला सांगितलं होतं की तो विषय संपला. खोटं बोललो. सोडायला जीव होईना गं.”

“आणि असते कुठे?”

“दाढीवाल्याकडे ठेवलीय. त्याच्या माळ्यावरच्या खोलीत.”

“त्याच्या बायकोला माहीत आहे?”

“तिनंच जागा करून दिली.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं आणि ती मात्र इथे गुठळ्या मोकळ्या करत बसली होती.

“एवढं काय आहे रे तिच्यात?”

“काही नाही. तुझ्या निवडीपुढे तर काहीच नाही. रंग उतरलाय, आकारही राहिला नाही.” तो टेबलाकडे बघत होता. “पण तिच्या उबेत मला शांत झोप लागते. आपलं काही चुकेल, तुला कळेल, अशी धाकधूक नसते.”

“निर्लज्ज,” ताई म्हणाली.

“घेऊन ये तिला,” ती म्हणाली. “आत्ता. माझ्यासमोर.”

“इथे? घरात? तुला चालेल?”

“मला बघायचीय.”

त्याचा चेहरा एकदम हलका झाला. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. हात धुऊन तो जवळजवळ पळतच गाडीकडे गेला.

तिनं चांगले कपडे घातले, केस विंचरले. ताईनं तिची कॉलर नीट केली. “दार तूच उघड. मान वर ठेव. एक शब्द जास्त बोलायचा नाही.”

“मला शिकवू नकोस.”

गाडी आली. जिन्यात पावलं वाजली. तिनं सूटकेस उचलली आणि बेल वाजायच्या आत दार सताड उघडलं. नवरा एकटाच उभा होता. तिनं त्याच्या खांद्यावरून जिन्यात डोकावून पाहिलं.

“कुठाय ती?”

त्यानं काखेतलं जळक्या भोकांचं, विटलेलं, सुतळीनं करकचून बांधलेलं जुन्या स्लीपिंग बॅगेचं गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन पुढे केलं.

“ही,” तो म्हणाला. “पण धुवू नकोस हं.”