गेमच्या डब्यात

शेवटचा स्क्रू सुटला आणि टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याचं काळं झाकण संयोगिताच्या हातात आलं. आत बोटभर धूळ. समोर कॉटवर आण्णा, तिचे सासरे, पाय खाली सोडून बसले होते. उघडलं का, त्यांनी विचारलं. ती व्हय म्हणाली आणि पुढं काहीच न करता नुसती बसून राहिली.

बेत तिचाच होता. फाउंड्रीवाल्यांची ड्रॉइंग्ज काढायचं काम तिला घरबसल्या मिळणार होतं आणि त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत मोठा कॅबिनेट ठेवायचा कुठं? म्हणून या डब्यातलं सगळं काढून त्यातच कॉम्प्युटर बसवायचं तिनं ठरवलं. छोटा मदरबोर्ड, पंखा, वायरी, सगळं सामान येऊन पडलं होतं.

पण डबा अजून चालू होता आणि त्याच्यावर आण्णा गाडी चालवायचे.

एसटीत ड्रायव्हर होते ते. सगळी नोकरी गारगोटी-गडहिंग्लजच्या रस्त्यावर गेलेली. संयोगिताचा नवरा, विश्वजित, कारखान्यात गेला की दुपारी सासरा-सून टीव्हीसमोर बसायची. गेम शर्यतीचा, आण्णा मात्र शर्यत लावत नसत. वळण आलं की वेग कमी करायचे, मागच्याला पुढं जाऊ द्यायचे आणि रोज शेवटचे यायचे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. संयोगिता कधीच पोचलेली असायची, त्यांची गाडी येईस्तोवर ती थांबायची. हल्ली आण्णांची गाडी कठड्याला घासत यायची. तिनं विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले होते, रस्ता खराब झालाय. दोघंही हसली होती.

म्हणून ती आज-उद्या करत राहिली. शेवटी आण्णांनीच काल फर्मावलं, सामान काय पुजायला आणलंयस का, उघड तो डबा.

"अजून परत जोडता येतंय, आण्णा," ती म्हणाली. "एकदा आतला पत्रा कापला की मग न्हाय."

"काप की. आमच्या वर्कशॉपात उलटं करायचे. चेसिस जुनी, वर बॉडी नवी. गाडी ती गाडीच."

तिनं आतला हिरवा बोर्ड अलगद उचलला आणि त्यांच्या शेजारी पेपरावर ठेवला. बघू कसा असतोय, म्हणत आण्णा वाकले. त्यांचा हात पेपरावर पडला, बोर्डापासून वीतभर लांब. मग बोटं सरकत सरकत कडेला लागली. "लई बारीक काम हाय," ते म्हणाले.

ते टीव्हीकडं तोंड करूनच बोलले होते. संयोगिता त्यांच्याकडं बघत राहिली. मग आवाज न करता तिनं बोर्ड उचलला आणि पेपराच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आण्णांनी पुन्हा हात नेला. जिथं मघाशी बोर्ड होता, तिथं.

"आण्णा," ती म्हणाली, "कधीपासनं?"

आण्णांनी हात मागं घेतला, गुडघ्यावर ठेवला. उजवा डोळा काचबिंदूनं गेल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डाव्यात ते नेमानं औषध घालायचे.

"दिवाळीपासनं. उजेड तेवढा कळतोय."

दिवाळीपासून रोज दुपारी हा माणूस नुसत्या इंजिनाच्या आवाजावर, कठडा घासला की हात वळवून, गाडी शेवटापर्यंत नेत होता.

"दिसत न्हवतं, तर मग खेळत कशाला होता?"

"न्हाय म्हटलं असतं तर तू टीव्ही बंद करून आत गेली असतीस की. दुपारचं हे घर लई मोठं वाटतंय गं."

तिला राग आला, तो आला तसाच विरूनही गेला. उद्या डोळ्याच्या डॉक्टरांकडं जायचं आणि आज विश्वजितला सगळं सांगायचं, एवढं तिनं ठामपणे सांगून टाकलं. ड्युटी लागल्यासारखी आण्णांनी दोन्हीला मान हलवली. फक्त म्हणाले, हे अर्धं उघडं टाकू नकोस.

मग तिनं कापायला घेतलं. डबा त्यांच्या मांडीवर ठेवून त्यांचे दोन्ही हात दोन्ही बाजूंना लावून दिले आणि ड्रिल चालू केलं. पत्र्याचा कीस त्यांच्या पायजम्यावर पडत राहिला. आण्णांनी डबा जरासुद्धा हलू दिला नाही. पंख्याचं भोक झालं, वायरीचं झालं. तिनं नवा मदरबोर्ड बसवला, पंखा स्क्रूनं आवळला, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

"लागलं?" आण्णांनी विचारलं.

"लागलं."

त्यांनी डब्यामागं तळहात धरला. वारा येतोय म्हणाले.

कॉम्प्युटरसाठी टेबल आतल्या खोलीत, खिडकीपाशी मांडून ठेवलेलं होतं. ती आत गेली, टेबल पुसलं, फडकं हातात घेऊन तिथंच थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन आण्णांना हाताला धरून आत घेऊन गेली आणि टेबलाचं एक टोक धरा म्हणाली.

"कुठं न्यायचं?"

"भाईर. तुमच्या कॉटजवळ."

दार अरुंद होतं. आण्णांना पाठीमागं चालत बाहेर निघायचं होतं. उंबऱ्याशी येऊन ते थबकले, एक पाय मागं टाकून चाचपू लागले. संयोगितानं त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं. उंबरा, कॉटचा पाय, टीव्हीची वायर. मग स्टँडवर कंडक्टरनं गाडीच्या मागं उभं राहून ओरडावं तशी ती मोठ्यानं म्हणाली,

"येऊ द्या, आण्णा. येऊ द्या… येऊ द्या."