डावीकडून दुसरी

घरात तिचं नाव ‘भोंगा’ पडलं होतं, म्हणून तर ती ऑपेरा शिकायला गेली. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतरचा हा शेवटचा कार्यक्रम होता. सहा मुली गाणार होत्या आणि मोठ्या नाट्यमंडळीचे संचालक त्यातून एकीलाच घेणार होते. सगळ्यांना सारखेच झगे, सारखेच मुखवटे. भोंग्याने आईला फोनवर बजावलं, "डावीकडून दुसरी मी. माझं झालं की टाळ्यांना हात आखडू नका."

भोंगा जीव ओतून गायली. टाळ्याही पडल्या, पण घरच्यांच्या वाटाव्यात अशा नाहीत, पाहुण्यांच्या असाव्यात तशा, बेताच्या. मग पलीकडच्या टोकाजवळची गायली. तिचं संपतंय तोच भोंग्याच्या काकांनी शिट्टी घातली, मावशी खुर्चीवर चढली आणि त्यांचं बघून अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. संचालकांनी मागे वळून तो गदारोळ पाहिला. पडदा पडताच आत येऊन त्यांनी त्या मुलीचा हात हातात घेतला, "उद्यापासून आमच्याकडे ये."

तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांच्या सवयीने तिने डावी बाजू रंगमंचावर उभं राहून मोजली होती. घरच्यांनी ती खुर्चीत बसून मोजली.

बाहेर येताच आईने तिला कवटाळलं आणि डोळे पुसत विचारलं,



"घरी कधी असं का गं गायली नाहीस?"