सगळ्यांची आई

रेवाला शाळेत घातलं, त्या वर्षीच्या श्रावणातल्या एका सोमवारची गोष्ट. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकताच आवाज आला, "सांभाळून हं, बाळा."

"बाबा, आई इथं कशी?"

भास्करनंही आवाज ओळखला. बायको हेमांगी वारल्यावर त्यानं एक फुकटचा खुला प्रोग्राम घेऊन तिचा आवाज घरातल्या यंत्रात बसवला होता. लेक तो ऐकतच झोपायची. यातून जे घडवाल ते सर्वांना खुलं होईल, ही अट त्यानं न वाचताच मान्य केली होती; तोच आवाज आता कुणीतरी या लिफ्टला लावला होता.

मागून एक मिशाळ गृहस्थ आत आले. त्यांनाही तेच, "सांभाळून हं, बाळा."

घरी आल्यावर रेवा त्या यंत्रापुढं जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "घरातली बंद करा, बाबा."

त्यानं केली. हेमांगी धुळवडीला वारली होती. लेकीसाठी ती त्या श्रावणातल्या सोमवारी गेली.