मास्तरचा शेरा

"शंभरपैकी एकतीस," दिगंबरनं मुद्दाम मोठ्यानं वाचलं. ऑफिसातल्या सहाही जणांना ऐकू गेलं पाहिजे, एवढ्या मोठ्यानं.

सुलभानं मान वर केली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि तिचं टायपिंग चालूच राहिलं.

बाई कसली, भिंत होती नुसती. पंडितभाऊंची बऱ्हाणपूरची आणि शाहपूरची ऑफिसं एक झाली, तेव्हा ती शाहपूरहून इथं आली, आणि त्या दिवसापासून दिगंबर तिला पाण्यात बघत होता. दोन्ही ऑफिसांचं काम एकच, केळीच्या मंडीचं सॉफ्टवेअर. लिलाव, तोल, पावती, सगळं त्यात यायचं. पंडितभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मुख्य प्रोग्रामरची खुर्ची एकच राहील, दुसऱ्यानं आपलं आपण बघावं.

दुसरी म्हणजे सुलभा, हे दिगंबरनं मनाशी पक्कं केलं होतं. अकरा वर्षं त्यानं इथं हाडं झिजवली होती. ही नोकरी गेली तर गावात दुसरी नव्हती. इंदूर नाहीतर पुणं गाठायचं, आणि राजघाटाजवळच्या घरात अंथरुणाला खिळलेली आई कोणाच्या भरवशावर टाकायची?

म्हणून त्यानंच ते तपासणीचं सॉफ्टवेअर पंडितभाऊंच्या गळी उतरवलं. कोणाचाही कोड त्यात टाका, ते चुका मोजतं, गुंता कुठं आहे ते दाखवतं, वर मार्क देतं. ऑफिसात त्याचं नाव मास्तरच पडलं. "माणूस तोंड बघून मार्क देतो, भाऊ," दिगंबर म्हणाला होता, "मास्तर नाही देत."

मग गडी पेटलाच. आपला अकरा वर्षांचा कोड त्यानं घासूनपुसून लख्ख केला. ओळ न् ओळ सोपी केली, प्रत्येकीच्या डोक्यावर ती काय करते ते लिहिलं. आजवर जे फक्त त्याच्या डोक्यात होतं, ते सगळं बाहेर काढून मांडलं. मास्तरनं त्र्याण्णव दिले. त्या दिवशी त्यानं ऑफिसला मावा जिलेबी खाऊ घातली. मंडीचे फोन घेणाऱ्या कुसुमनं एक घेतली, सुलभानं दोन.

सुलभाचा कोड म्हणजे झाडाझुडपाचं रान. डोईफोडिया गावच्या मालाला दांड्याच्या वजनाची कटती किती, शाहपूरच्याला किती, कोणत्या आडत्याकडं तोलाची पद्धत कोणती, सगळं एकात एक घुसलेलं, आणि समजावून सांगणारी ओळ औषधालाही नाही. मास्तरनं त्रेपन्न दिले.

दिगंबरचं तेवढ्यानं भागेना. सुलभा डबा खायला उठली तशी त्यानं मास्तरची सगळ्यात कडक तपासणी लावली, तिच्या एकटीच्या कोडाला. त्रेपन्नाचे एकतीस झाले. लाजबिज काही वाटली नाही त्याला, उलट गार वाटलं. खाली शेराही आला होता, 'लिहिणाऱ्याखेरीज कोणालाही समजणं अशक्य.' त्यानं तो पिवळ्या रंगानं रंगवला.

"दुरुस्त नाही करणार?" आता त्यानं सुलभाला विचारलं. "शनिवारी भाऊ खुर्चीचा निकाल लावणार, तोपर्यंत वेळ आहे."

"काय दुरुस्त करू? मंडीत पावत्या बरोबर निघतात नं?"

"पण दुसऱ्याला समजायचं कसं हे?"

"ज्याला गरज पडेल तो विचारेल मला."

"एवढा माज बरा नाही, मॅडम."

"तुमचे त्र्याण्णव आले नं, दिगंबरभाऊ? मग कशाला जिवाला त्रास करून घेता?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी बघून घेऊ, म्हणत तो जागेवर जाऊन बसला.

शनिवारी पंडितभाऊंनी दोघांना समोर बसवलं आणि चष्मा लावून मास्तरचे कागद सावकाश वाचले.

"हा शेरा मास्तरचाच?"

"मास्तरचाच, भाऊ. मी फक्त रंग लावला."

"मतलब, यांचं काम दुसऱ्या कोणालाच समजत नाही?"

"बिलकुल नाही. मी स्वतः तीन दिवस बसलो, डोकं फुटायची पाळी आली."

"आणि तुझं?"

"माझं कोणीही उघडावं, दुपारपर्यंत चालवायला लागेल. वाटलं तर तपासून बघा."

"बघितलं. काल कुसुमला दिलं होतं. दोन तासांत तिनं लिलावाची नवी पावती बनवून दाखवली."

दिगंबरची छाती फुगली. त्यानं तिरक्या नजरेनं सुलभाकडं पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

पंडितभाऊंनी चष्मा काढला, कागद मिटले.

"सुलभाताई, तुम्ही गेलात तर सोमवारी माझी मंडी बंद पडेल. खुर्ची तुमची." मग ते दिगंबरकडं वळले. "तुझं काम कुसुम बघेल."