सेव्ह न केलेलं प्रकरण

स्क्रीन काळा पडला तेव्हा नरसिंहरावांची बोटं अजून कीबोर्डवरच होती. सकाळपासून लिहिलेली पानं डोळ्यांदेखत नाहीशी झाली. ही तिसरी वेळ.

"संहिता," त्यांनी हाक मारली.

सून शेजारच्या खोलीतून आली. तिचं ऑफिस घरूनच चालत असे. "परत बंद पडला, अण्णा? सेव्ह केलं होतंत?"

"नाही."

"आशयनं किती वेळा सांगितलंय तुम्हाला."

ती हळहळली. पण ती हळहळ नरसिंहरावांना जरा उशिरा आल्यासारखी वाटली.

जन्मभर ते एका सरकारी कारखान्यात टाइपरायटरपुढे बसले होते. कागद रोलरबाहेर निघाला की काम झालं, एवढंच त्यांना ठाऊक. पत्नी अनुसूयाबाई गेल्या तसं घर खायला उठलं, तेव्हा मुलानं लॅपटॉप आणून दिला, सगळं बसवून दिलं, आणि त्यांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. शहाजीराजांच्या काळात बेंगळूरला आलेलं घराणं. स्वतःच्या येत्या अमृतमहोत्सवाला छापील पुस्तक प्रत्येक नातेवाइकाच्या हाती द्यायचं होतं.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, त्यांचं स्वतःचं. आणि लॅपटॉप बंद पडायचा तो नेमका त्याच प्रकरणात. पूर्वजांबद्दल लिहिताना त्यानं कधी कां कूं केली नव्हती.

त्या प्रकरणात देवनहळ्ळीच्या जमिनीचा उल्लेख होता. विमानतळ झाल्यापासून तिथल्या मातीला सोन्याचा भाव आलेला. चुलतभाऊ रघुजीचा तिच्यात निम्मा वाटा आहे, हे एकदा पुस्तकात छापून आलं की कुणाला नाकारता येणार नव्हतं. आणि मागे एकदा भाजी निवडता निवडता संहितेनं विचारलं होतं, "सगळंच लिहायला हवं का, अण्णा? काही गोष्टी घरातच राहिल्या तर काय बिघडतं?"

तेव्हा त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. आता ते वाक्य डोक्यातून जाईना.

दुपारी कुणाला न सांगता त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षानं जे. पी. नगरच्या दुसऱ्या टोकाला पवित्राच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. पवित्रा कन्नड बोलणारी, हसतमुख बाई.

"आपण सेव्ह केलं नाही तरी हा स्वतःपुरती एक प्रत ठेवत असतो," ती म्हणाली. "स्वल्प थांबा, अंकल."

थोड्या वेळानं तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. पानं परत आली होती. फक्त शेवटी टाइप केलेलं तेवढं नव्हतं.

"ते पाठ आहे मला," नरसिंहराव म्हणाले. "पण बिघाड काय आहे?"

"बिघाड इल्ला. हा बंद पडत नाही, अंकल. कुणीतरी याला बंद करतंय. दुसऱ्या कंप्यूटरवरून."

"कोण, ते कळेल?"

"ते मला नाही सांगता येणार. पण पासवर्ड माहीत असलेलं माणूस आहे. घरात असं कोण आहे?"

पिशवी छातीशी धरून नरसिंहराव रिक्षात बसले.

आशय बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून परतला तेव्हा त्यांनी त्याला यातलं काही सांगितलं नाही. मुलाच्या संसारात आपल्या हातानं विष कशाला कालवायचं? ताटावरून ते सुनेकडे पाहत राहिले. तिनं आग्रह करून त्यांना आणखी एक पोळी वाढली. तीही त्यांना गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आशय कामावर गेल्यावर त्यांनी तिला बोलावलं.

"तुझा लॅपटॉप बंद कर. फोन तिकडेच ठेव. आणि इथं माझ्यासमोर बस."

संहितेचा चेहरा उतरला. "माझ्यावर संशय आहे तुमचा?"

"बस, म्हटलं ना."

ती बसली. हात मांडीवर. नरसिंहरावांनी लिहायला सुरुवात केली. एक डोळा तिच्यावर, एक अक्षरांवर. राहिलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं आणि पूर्णविराम दिला.

स्क्रीन काळा पडला.

संहिता जागची हलली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आश्चर्य नव्हतं. नरसिंहरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोच त्यांचा फोन वाजला.

"अण्णा," आशय म्हणाला. मागे यंत्रांची घरघर होती. "कॅमेऱ्यातून पाहिलं मी. तिला उठू द्या. मी बंद केला."

"तू?"

"प्रत्येक वेळी मीच. ती मला नको म्हणत होती."

"जमिनीसाठी?" त्यांचा आवाज चिरकला. "तू असा निघशील असं वाटलं नव्हतं रे."

"जमीन रघुजीकाकांना सगळीच्या सगळी देऊन टाका. मी कुठंही सही करतो."

"मग?"

"समोर बसून सांगायचा धीर झाला नाही, अण्णा. लॅपटॉप सुरू करा. तुमचं सगळं परत आणून देतो, शब्द न् शब्द. एक ओळ सोडून."

नरसिंहरावांनी बटण दाबलं. स्क्रीन उजळला. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता, तरी फाइल उघडली आणि पानं आपोआप सरकू लागली. पणजोबा गेले, आजोबा गेले, अनुसूयाबाईंचं लग्न गेलं. शेवटच्या पानावर बाण थांबला आणि तळाची ओळ निळी झाली.

"पुसू का, अण्णा?" आशयनं विचारलं.

ओळ होती : 'नरसिंहराव व अनुसूया यांना मूलबाळ झालं नाही.'