फाटकाचं माप

२०१९ साली कर्जतला दानीएलनं अंगणातच आपल्या जुन्या गाडीला फायबरची रुंद मडगार्डं बसवायला घेतली. ही नमुन्याची गाडी घेऊन तो पुण्यात गॅरेज टाकणार होता. थोरले दोघे भाऊ याच फाटकातून गेले, ते सणालाही फिरकले नव्हते. पंधरा दिवस मरियाबाई थकल्या हातांनी मडगार्ड धरून उभी राहिली आणि लेक स्क्रू आवळत राहिला.

निघायच्या दिवशी गाडी फाटकात अडली. चार बोटं जास्त रुंद झाली होती.

“आये, फाटकाचं माप तुला ठावं हुतं?”

“व्हय. तुझ्या बापानं खांब रोवले तवा दोरी मीच धरली हुती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“वाटलं, ऱ्हाशील.”

दानीएल मडगार्डं सोडवायला बसला. मरियाबाईनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि पहार दिली.

“खांब पाड.”

दानीएलचं गॅरेज पुण्यात बरं चाललंय. मरियाबाईनं खांब परत बांधला नाही. शेजारच्या शेळ्या आत शिरून झेंडू खातात, तरी नाही. नाताळला यायची गाडी रुंद आहे.